पहिला डोस समोर

सोमवार, ४ मार्च

आजपासून वस्तीच्या टाकीचं काम माझं. टाकीत क्लोरीनची पावडर टाकायची, नळाचं पाणी तपासायचं आणि रजिस्टर लिहायचं. पाणी समितीच्या अध्यक्षांनी किल्ली दिली तेव्हा मी ती अशी दोन्ही हातांनी घेतली, की ते म्हणाले, "अगं, टाकीची किल्ली आहे, तिजोरीची नाही."

मला ती तिजोरीचीच वाटली. दोनशे दहा घरं या टाकीवर आहेत.

बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "नवी वही कर. रोज काय मोजलंस ते लिही." बाबा चाळीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर होते. लहानपणी मी सारखी आजारी असायची, म्हणून आठ वर्षांची होईपर्यंत शाळा पाहिलीच नाही. अक्षरं शिकले ती औषधांच्या लेबलांवरून आणि बेरीज शिकले ती बाबांच्या तराजूवर. आयुष्यात पहिल्यांदा वाचलेलं वाक्य, 'वापरण्यापूर्वी हलवा'.

बाबांचे नियम दोन. एक, मापातली चूक ती पोटातली चूक. दुसरा, पहिला डोस समोर. लोक औषध घरी नेतात, कडू लागलं की मोरीत ओततात आणि आठ दिवसांनी येऊन म्हणतात, गुण नाही. म्हणून बाबा पेशंटला खिडकीपाशीच पहिला घोट प्यायला लावायचे आणि पेला उपडा करून दाखवायला सांगायचे. मोठमोठे बाप्ये लहान मुलांसारखे पेला उपडा करायचे. मला ती बाबांची खोड वाटायची.

आज टाकी भरून वीस हजार लिटर. ऐंशी ग्रॅम पावडर तीनदा तोलली. बादलीत कालवली, अर्धा तास निवळू दिली, वरचं निवळ पाणी टाकीत ओतलं, खालचा चुना खड्ड्यात. मग तासभर थांबून नळ सोडले. अगदी शेवटच्या नळावर जाऊन कुपीत पाणी घेतलं, क्लोरीन दाखवणाऱ्या औषधाचे पाच थेंब टाकले. पिवळं झालं. रंगाच्या पट्टीशी जुळवलं, लिटरला अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन. पुस्तकात लिहिलंय तेवढंच.

आईने दृष्ट लागेल म्हणून कौतुक बोलून दाखवलं नाही, पण आज माझ्यासाठी चहा आधी गाळला.

गुरुवार, ७ मार्च

तक्रारी. शेजारची शिवणवाली मावशी दारातूनच ओरडली, "काय गं पावडरबाई, आमच्या चहाला इस्त्री करायचा विचार आहे का?" तिच्या मागची म्हणाली, "माझ्या सासूच्या कवळीच्या डबीला येतो तस्सा वास." सगळ्या हसल्या. मीही हसले. मग घरी येऊन पुन्हा हिशेब मांडला. ऐंशीच बरोबर आहे.

बटणनेही एक घोट घेऊन पेला ठेवून दिला. बटण म्हणजे दादाची लेक, साडेतीन वर्षांची. नाक शर्टाच्या बटणाएवढं, म्हणून बटण. दादा बाहेरगावी कामाला, महिन्याने येतो, त्यामुळे घरात आम्ही आई, बाबा, वहिनी, मी आणि ही.

"आत्या, पाणी चावतं."

"तुला नाही चावत राणी, जंतूंना चावतं."

"मलापण."

सवय होईल.

शनिवार, ९ मार्च

उताराखालच्या जुन्या विहिरीबद्दल अध्यक्षांना विचारलं. मागच्या वर्षी वरच्या अंगाला संडास बांधले तेव्हापासून ती बंद आहे. 'पाणी पिण्यास अयोग्य' अशी पाटी आहे, वर जाळी आहे, आणि तिथे कोणी पाणी भरताना दिसलं तर त्या घराचा नळ तोडायचा असा ठराव आहे. मी म्हटलं, तरीही तिच्यात पावडर टाकून ठेवू या का? खबरदारी म्हणून.

"बंद विहिरीत पावडर टाकायची म्हणजे ती चालू आहे असं आपणच कबूल करायचं," ते म्हणाले. "तू शिकलेली ना?"

खरंच, रजिस्टरात ती बंदच आहे. उगाच विचारलं. मला नसत्या शंका काढायची सवयच आहे.

शुक्रवार, १५ मार्च

चांगली बातमी. टाकीच्या बाहेर पातळीची पट्टी आहे, आत तरंगणाऱ्या डब्याला बांधलेली. पूर्वी चार वाजता टाकी कोरडी व्हायची, भांडणं व्हायची. गेले चार दिवस संध्याकाळी पाव टाकी उरते. पंपवाले काका खूश. "मोटारीला अर्ध्या दिवसाची रजा मिळाली तुझ्यामुळे. लोक पाणी जपून वापरायला लागले बघ."

मी रजिस्टरच्या शेऱ्यात लिहिलं, 'पाण्याचा अपव्यय कमी झाला.' लिहिताना मान ताठ झाली होती, हे इथे कबूल करते. उरलेल्या पाण्यात आधीचीच पावडर असते, म्हणून नव्या पाण्यापुरतीच तोलते. साठ ग्रॅम. शेवटच्या नळाला अर्धा.

बुधवार, २० मार्च

आई हल्ली पहाटे शिवणवाल्या मावशीबरोबर फिरायला जाते. गुडघ्यासाठी डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं, ते आता मनावर घेतलंय. मी उठते तेव्हा दारात तिच्या चपला दंवाने ओल्याचिंब असतात.

एका गोष्टीवरून मात्र तिला बोलले. नळ सातला येतात, आणि सहालाच दोन्ही घागरी काठोकाठ भरलेल्या. म्हणजे कालचं पाणी. "शिळं पाणी ठेवू नकोस गं, क्लोरीन उडून जातो." ती म्हणाली, "बरं बाई." माझ्यासाठी ती खिडकीत वेगळा तांब्या भरून ठेवते, झाकण घालून. "हे तुझं." आमच्या घरात मला कधी असा मान नव्हता.

बटण आता गटागटा पाणी पिते. झाली सवय. वहिनी स्वयंपाकघरातून आईला म्हणत होती, "उद्या जरा जास्त आणा, पोरगी आता पोटभर पिते." दुधाचंच असणार. हल्ली दूध पातळच येतं.

बुधवार, २७ मार्च

खालच्या गल्लीत तिघांना जुलाब-उलट्या. ऐकल्याबरोबर मी सगळ्या नळांवर धावले. प्रत्येक नळाला पिवळं. अर्धा, अर्धा, अर्धा. बाबांचंही पोट दोन दिवस बिघडलंय. ते म्हणतात, वयाचं.

शुक्रवार, २९ मार्च

अकरा जण. मी पावडरची पिशवी बदलली, तराजूची वजनं बाबांच्या जुन्या वजनांशी ताडून पाहिली. फरक नाही. टाकीवर चढून आत पाहिलं. तळ दिसतो इतकं स्वच्छ पाणी. मग चुकतंय कुठे?

पंपवाले काका म्हणाले, "तुझं काही चुकत नाही गं." पण त्यांनी नजर दुसरीकडे वळवली. त्यांनाही वाटतंय, माझं चुकलंय.

शनिवार, ३० मार्च

बटणला सकाळपासून उलट्या. मीठ-साखरेचं पाणी मीच केलं, मापाने. आईने मांडीवर घेऊन चमच्याने पाजलं. दुपारी डोळे खोल गेले. आरोग्य केंद्रात नेलं. तिथे आधीच सहा जण, दोन एकाच खाटेवर. डॉक्टरीणबाईंना शीर सापडेना. इतका छोटा हात.

तिने मला विचारलं, "आत्या, पाणी?" मी माझ्या बाटलीतलं दिलं. तिने तोंड फिरवलं.

सोमवार, १ एप्रिल

काल सकाळी बटण गेली.

साठ ग्रॅम. शेवटच्या नळाला अर्धा.

गुरुवार, ४ एप्रिल

दादा आलाय. अंगणातल्या पायरीवर बसून असतो. वहिनी भिंतीकडे तोंड करून पडून असते. आई सतत काहीतरी घासत असते. घासलेलं पुन्हा घासते.

डॉक्टरीणबाईंनी मला बोलावून घेतलं. वस्तीत आता एकतीस आजारी आणि तिघं दगावलेले. त्यांच्याकडे माणसं नाहीत. "तुझं अक्षर चांगलं आहे, आणि तुला घरं माहीत आहेत. करशील?" प्रत्येक आजारी घराचा एक फॉर्म. आजाऱ्याचं वय, पिण्याचं पाणी कुठलं, पाणी कोण भरतं. मी हो म्हटलं. घरात बसवत नाही.

शुक्रवार, ५ एप्रिल

तेवीस घरं झाली. प्रत्येक घरी तोच प्रश्न, तेच उत्तर. 'नळाचं.' काही जण उत्तर देण्याआधी घरातल्या दुसऱ्या माणसाकडे बघतात. एक म्हातारी म्हणाली, "नळाचंच की. तुझंच पाणी, बाई. तूच सांग त्यात काय घालतेस." तिची सून आत निघून गेली.

फॉर्म डॉक्टरीणबाईंकडे दिले. तेवीसच्या तेवीस नळ. त्यांनी आणि अध्यक्षांनी ठरवलं, दोष टाकीचाच, डोस दुप्पट करायचा. मी म्हटलं, नळाला अर्धा येतोय, मी स्वतः पाहते. अध्यक्ष म्हणाले, "मग माणसं काय हवा खाऊन मरतायत?"

उद्यापासून दुप्पट. आमच्या घराचा फॉर्म अजून कोराच आहे. तेवढा मागे ठेवला.

शनिवार, ६ एप्रिल

एकशे वीस ग्रॅम. नळाचं पाणी कुपीत गडद पिवळं, जवळजवळ नारिंगी. गल्लीभर वास. बायका नाकाला पदर लावून कपडे धूत होत्या.

संध्याकाळी पातळी लिहायला गेले. पाव टाकीहून जास्त शिल्लक. वस्तीत जुलाब चालू आहेत, घराघरात पाणी जास्त लागायला हवं, आणि पाणी उरतंय.

तिथेच बसून भागाकार केला. रोज उरणारं पाणी निदान पाच हजार लिटर. घरं दोनशे दहा. घरटी चोवीस लिटर. बारा लिटरची एक घागर. घरटी दोन घागरी.

घरटी दोन घागरी म्हणजे पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी.

कोणी पाणी जपत नव्हतं. धुणं-भांडी माझ्या पाण्यात होत होती. पीत मात्र कोणी नव्हतं. रोज वाचलेल्या त्या पट्टीवर महिनाभर हेच लिहिलेलं होतं आणि मी खाली शेरा मारला होता, अपव्यय कमी झाला.

घरी आले. आमच्या स्वयंपाकघरात दोन घागरी. पहिलीतलं पाणी कुपीत घेतलं, पाच थेंब टाकले. पांढरंच. दुसरीतलं. पांढरंच. खिडकीतल्या माझ्या तांब्यातलं घेतलं. नारिंगी.

आई मागे उभी होती.

"आई, हे पाणी कुठलं?"

"पाण्याला काय कुठलं असतं?"

"नळाचं नाही."

ती खाली बसली. "पोरगी पीत नव्हती गं. दिवसात दोन घोट. ओठ सुकायचे तिचे. विहिरीचं दिलं तर हसून प्यायली. मावशी नेतच होती, सगळ्याच नेतात. जाळीचा एक कोपरा सुटलाय."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू उन्हातान्हात त्या टाकीवर चढायचीस. तुझ्या हातचं पाणी घरचेच पीत नाहीत, हे कोणत्या तोंडाने सांगू? म्हणून तर तुझं तुला वेगळं भरत होते."

मग तिने कुपीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"म्हणजे... त्यानेच?"

बाबांनी मला कधी अंदाज सांगू दिला नाही. जे मोजलं तेच बोलायचं. मी म्हटलं, "सांगता येत नाही." ती उठली आणि मोरीत जाऊन रिकामी कढई घासायला लागली.

रविवार, ७ एप्रिल

आज काय काय होऊ शकतं, ते इथे मांडते.

मी 'नळाचं' लिहिलं, तर चोविसाव्या घराचंही तेच. टाकीच दोषी. डोस आणखी वाढेल, वास वाढेल आणि उरलेली घरंही विहिरीवर जातील. आज सकाळी पाहून आले, जाळीच्या सुटलेल्या कोपऱ्यातून दोरांचे वळ पडलेत कठड्यावर. नळ तुटेल या भीतीने पहिलं कोणी बोलणार नाही. कोणीतरी पहिलं लागतं.

'विहिरीचं' लिहिलं, तर पुढचा प्रश्न आहेच. पाणी कोण भरतं. खरं उत्तर आईचं आहे. फॉर्म दादा वाचेल, वहिनी वाचेल, सगळी वस्ती वाचेल. आईने नातीला पाजलं, असं.

मी टेबलापाशी तासभर बसले. 'विहिरीचं' लिहिलं. पुढच्या ओळीत लिहिलं, 'मी'.

आयुष्यातली ही पहिली खोटी नोंद. पण पुरती खोटी तरी कशी म्हणू? नळाला पिवळं आलं की माझं काम संपलं असं समजत होते. एकाही घरात जाऊन, माझ्यासमोर एक घोट प्या, असं म्हटलं नाही. बाबांचा पहिला नियम मी पाळला आणि दुसऱ्याला खोड समजले.

फॉर्म बाबांना दाखवला. त्यांनी बोटाने ओळ न् ओळ वाचली. शेवटच्या शब्दावर बोट थांबलं. मी कधीच पहाटे उठत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. "लेबल तू लावलंस," ते म्हणाले. "एकदा लावलेलं लेबल खरवडून निघत नाही, पोरी."

"माहीत आहे."

त्यांनी फॉर्म घडी न घालता परत दिला.

बुधवार, १० एप्रिल

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी फॉर्म वाचला आणि मान वर न करता विचारलं, "नक्की?" त्याच दिवशी त्यांनी विहिरीचं पाणी तपासायला पाठवलं आणि तीत पावडर टाकायला लावली. पावडर मीच तोलली. माझं शेवटचं काम.

काल सतरा घरांनी उत्तर बदललं. पावडरबाईच्याच घरात विहिरीचं पाणी होतं, मग आम्ही कशाला लपवू, असं म्हणत आले. आता कोणाकोणाचे नळ तोडणार, म्हणून अध्यक्षांनी ठराव मागे घेतला. टाकीचा डोस पुन्हा पूर्वीसारखा. नवे आजारी आज दोनच.

अध्यक्षांनी किल्ली मागून घेतली. चावडीसमोर सगळे जमलेले. शिवणवाली मावशी सगळ्यांत मोठ्याने बोलली, "आम्हाला पावडर पाजायची आणि घरच्यांना गुपचूप विहीर! आणि वर रजिस्टरं लिहायची!" मी तिच्याकडे पाहिलं. आईबरोबर रोज पहाटे दोर ओढणारी हीच. ती जास्तच मोठ्याने बोलायला लागली.

आई गर्दीच्या कडेला होती. मला वाटलं, ती काहीतरी बोलेल. तिला बोलायला नको होतं, म्हणूनच तर मी ते लिहिलं होतं. तरीही वाटलं.

ती बोलली नाही.

सोमवार, १५ एप्रिल

दादा आणि वहिनी आज गेले. दादाच्या कामाच्या गावी, कायमचे. दादाने जाताना बाबांना नमस्कार केला, आईला मिठी मारली. माझ्यासमोरून गेला, जसं बंद दारासमोरून जातात.

आठ दिवसांत वहिनीने मला एकदाही विचारलं नाही, की तू विहिरीवर कधी जात होतीस. घागर कुठे लपवायचीस. काहीच नाही. मी सगळी उत्तरं तयार ठेवली होती. आज पिशवी भरताना तिने बटणचे कपडे घेतले, चपला घेतल्या. बटणचा छोटा पेला हातात घेतला, पुन्हा ठेवला. दारात माझ्याकडे बघून तिचे ओठ हलले. मला वाटलं, आता शिव्या देईल. मी मान खाली घातली. वर पाहिलं तेव्हा ती रस्त्याला लागली होती.

तिने माझा तिरस्कार करावा, हेच बरोबर आहे. निदान आईचा तरी करत नाही.

मंगळवार, २३ एप्रिल

वस्तीत बारा दिवसांत नवा आजारी नाही. टाकीवर आता अध्यक्षांचा भाचा आहे. पंपवाले काका बाजारात भेटले. म्हणाले, त्याला तोलायचा कंटाळा, मुठीने टाकतो. बोलायचा हक्क ज्या शब्दाने गेला, तो मीच लिहिलाय.

थेंबांची कुपी आणि रंगाची पट्टी परत करून टाकलीय. आता पाण्याकडे नुसतं बघावं लागतं. बघून काहीच कळत नाही.

आई गेले पंधरा दिवस फिरायला जात नाही. गुडघा पुन्हा धरलाय. सातला नळ येतो. घागर भरून झाली की ती एक पेला भरते आणि मी जिथे असेन तिथे येऊन उभी राहते. माझ्यासमोर सगळं पाणी पिते, थांबत थांबत, डोळे मिटून. तिला तो वास अजून सहन होत नाही, मानेवरून दिसतं. मग पेला उपडा करून दाखवते, बाबांच्या खिडकीपाशी माणसं दाखवायची तसा. एक थेंब पडतो, कधी तोही पडत नाही.

मी मान डोलावते. ती आत जाते.

आज मी तिच्या मागे गेले. तिने आपला पेला विसळला. मग फळीवरचा छोटा पेला काढला, तोही विसळला, पुसून कोरडा केला आणि पुन्हा जागेवर ठेवला. उपडा.